राखणदाराचं सोंग

पेण स्टँडच्या मागच्या गल्लीत नूतन एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. सकाळी दाखल्यांची, फॉर्मांची गर्दी असायची. दुपारी एक वाजला की गिऱ्हाईक आटायचं, शटर अर्धं खाली यायचं आणि चार वाजेपर्यंत दुकानातला कॉम्प्युटर तिचा एकटीचा व्हायचा. त्या तीन तासांत ती खेळ खेळायची.

हे खेळ सोंगाचे. बंदूक घ्यायची आणि दिसेल त्याला उडवायचं, असले नव्हेत. यात आधी कुणीतरी व्हायचं. कधी वैद्य, कधी चोर, कधी राजाचा नावडता भाऊ. मग त्याच्या पायांनी गाव हिंडायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं. समोरचा काही विचारतो, पडद्यावर तीनचार उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. आणि एकदा निवडलं की ते निस्तरायचं. एकेका खेळाला चाळीस-पन्नास तास लागतात. पुरता खेळून झाला की नूतन मोबाईलसमोर बसून त्याचं परीक्षण सांगायची. तिच्या चॅनेलचं नाव 'दमानं'. अठरा हजार माणसं ते बघायची, कारण अर्धवट खेळून बोलायचं नाही आणि मनात नसलेलं बोलायचं नाही, हे तिचे दोन नेम होते. मोठ्या कंपन्यांना तिच्या बोलण्यानं काही फरक पडत नव्हता. पण मराठीत खेळ करणारे चारदोन धडपडे होते, त्यांचं तारू तिच्या जिभेवर तरायचं नाहीतर बुडायचं.

त्यातल्याच एकाचा निरोप सोमवारी आला. 'ताई, मी प्रणित, रोह्याचा. कंपनीत शिफ्ट करून उरलेल्या वेळात तीन वर्षं हा खेळ करतोय. तुम्ही आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या आहात असं तुमच्या बोलण्यावरून वाटलं, म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच पाठवला. शुक्रवारी सगळ्यांना खुला करणार. त्याआधी तुम्ही बोललात तर बरं होईल.' खेळाचं नाव होतं 'राखण'.

नूतननं खेळ सुरू केला आणि पाचव्या मिनिटाला तिचा हात थांबला.

पडद्यावर तिचंच गाव होतं. नाव बदललेलं होतं, पण खाडीचं वळण तेच. देवळामागं दोन उंच भेंडीची झाडं, पाणी सोडायच्या लाकडी उघाडीशेजारी राखणदाराचं खोपटं, आणि तिथून पुढं कोसभर गेलेला बाहेरकाठा. खाडीचं खारं पाणी भातशेतात येऊ नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध. तो कुठं फुटला, तर त्या भगदाडाला खांड म्हणतात. एक खांड गेली की शेत तीन वर्षं मीठ धरून बसतं, गवतसुद्धा उगवत नाही. म्हणून गाव काठ्यावर एक राखणदार ठेवतं. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाआधी जोळ लागतो. घरटी एक माणूस काठ्यावर येतो आणि चिखलाचे गोळे हातोहात देऊन काठा लिंपला जातो. ज्याचा हात जोळात, तो गावातला.

हा खेळ लहान, दोनेक तासांत संपणारा, आणि सोंग होतं ते राखणदाराचं. चार दिवस काठा सांभाळायचा. चौथ्या दिवशी भादव्यातली पुनव, भर दुपारचं उधाण, आणि खांड.

नूतनला ती खांड ठाऊक होती. एकवीस वर्षांपूर्वी ती अकरा वर्षांची होती, तेव्हाची. त्या वेळी राखण बाबाजीकडं होती. खांड गेली तेव्हा तो खोपटात झोपलेला सापडला. पहिला बोलला नूतनचा बाप, दत्तात्रेय. "बाबाजी झोपला होता, मी डोळ्यानी बघितला." खोटं नव्हतं ते. गावानं ठरवलं, याचा हात यापुढं जोळात घ्यायचा नाय. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पुढच्या अवसेला बाबाजी काठ्यावर येऊन रांगेत उभा राहिला. डावीकडच्यानं गोळा त्याला न देता त्याच्या पलीकडच्याला दिला. बाबाजी संध्याकाळपर्यंत रिकाम्या हातांनी उभा होता. त्या महिन्यात तो बायकामुलांना घेऊन रोह्याकडं निघून गेला.

पण काठा झोपेनं फुटला नव्हता.

चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, काठ्यात बिळं करतात. पोरं ओहोटीला लोखंडी आकडी घेऊन जातात आणि बिळातून चिंबोरी ओढून काढतात. त्याला कुणी ना म्हणत नाही. नेम एकच, आणि तो चालता येणाऱ्या पोरालासुद्धा ठाऊक असतो. चिंबोरी काढली की बिळात ओला चिखल भरायचा आणि टाचेनं दाबायचा. त्या पुनवेच्या आदल्या संध्याकाळी नूतननं एक बीळ कोपरापर्यंत उकरलं. चिंबोरीनं तिचं बोट फोडलं. चिखल आणायला खाली उतरावं लागलं असतं, बोट ठणकत होतं. तिनं गवताची मूठ बिळात कोंबली आणि घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी खांड नेमकी तिथंच गेली. तिनं आईला सांगितलं. सीताबाई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानंच पोरीचं तोंड दाबलं. "आता बोललीस ती बोललीस. तुझ्या बापानं चार माणसांत बाबाजीचं नाव घेतलंय. आता तुझं निघालं, तर तो गावात राहील व्हय? फास लावून घेईल."

फास हा शब्द नूतनच्या पोटात एकवीस वर्षं राहिला. बापाला घरी यायला उशीर झाला की तो हलायचा.

आता तो पुन्हा हलला. प्रणित म्हणजे कोण, हे कुणी सांगायची गरज नव्हती. बाबाजीला एक नातू होता, तेव्हा शेंबडा.

खेळातल्या तिसऱ्या संध्याकाळी काठ्यावर एक मुलगी येते. परकर, हातात टोपली. राखणदार तिच्यापाशी थांबला की तीन वाक्यं येतात. 'कुणाची गो तू?' 'टोपलीत काय हाय?' आणि 'काही न बोलता पुढं जा.' नूतननं पहिलं निवडलं. मुलगी म्हणाली, 'वरच्या आळीतली,' आणि गेली. नूतननं खेळ मागं नेला, दुसरं निवडलं. मुलीनं टोपली पाठीमागं लपवली. नूतननं पुन्हा मागं नेला, तिसरं निवडलं. मुलगी नुसती बघत राहिली.

परीक्षण करणाऱ्याला अशा खेळात सगळ्या वाटा चालून बघाव्या लागतात. कुठलं उत्तर दिलं की पुढं काय उघडतं, हे शोधणं हेच काम. आजवर नूतनला त्यात गोडी वाटायची. आता ती एकेक वाट भीत भीत चालत होती, अंधाऱ्या माजघरात सापाच्या शोधात काठी फिरवावी तशी. या खेळात तिचं नाव कुठं लपलंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

मंगळवारी ते सापडलं. राखणदारानं त्या दिवशी कुणाशीच भांडण केलेलं नसेल, तरच एक चौथं वाक्य येत होतं. 'बोट दाखव.' नूतननं ते निवडलं. मुलीच्या बोटाला रक्त होतं. ती म्हणाली, 'काटा लागला.'

नूतननं शटर पूर्ण खाली ओढलं आणि कुलूप घातलं. बाहेर कुणी नव्हतं. तरी ती दाराला पाठ लावून उभी राहिली. त्या संध्याकाळी काठ्यावर बाबाजी भेटला तेव्हा हेच शब्द ती बोलली होती. म्हातारा विसरला नव्हता. आणि शुक्रवारी हा खेळ सगळ्यांना खुला होणार होता. गावातली पोरं तो खेळणार, देवळामागची भेंडीची झाडं ओळखणार, मग ही पोरगी कोण म्हणून विचारणार, आणि कुणीतरी तिच्या बापाकडं बघणार.

बुधवारी तिला एक उपाय सुचला. या खेळात एक खोट होती, आणि ती खरी खोट होती. खेळणारा जागा राहो नाहीतर झोपो, काठा फिरो नाहीतर न फिरो, चौथ्या दिवशी खांड जायचीच. तिनं मोबाईल लावला आणि बोलली. "चार दिवस राबवून घेतो आणि शेवटी सांगतो, तुमच्या हातात काहीच नव्हतं. मग खेळायचं कशाला? वेळ घालवू नका." नऊ मिनिटांचं परीक्षण झालं. एकही शब्द खोटा नव्हता. हे चॅनेलवर चढवलं की 'राखण' कुणी उघडून बघणार नव्हतं. प्रणितची तीन वर्षं पाण्यात जाणार होती आणि पोरगी पाण्याखाली राहणार होती.

ती चढवणार एवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी प्रणित. कुठवर आलात?"

"संपला. चार वेळा संपला."

"बाप रे. मी एवढ्या वेळा नाय खेळलो." तो हसला. "एक सांगू? आजा तुमचे व्हिडिओ बघतो. कळत काय नाय त्याला, पण बघतो. म्हणतो, ही आपल्याकडची बोली हाय. आवाज कुठंतरी ऐकलाय म्हणतो."

नूतननं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. "आणखी काय म्हणतो?"

"त्याचं काय घेऊन बसलात. परीक्षणाची वाट बघतोय, माझ्यापेक्षा जास्त."

तिला परीक्षण चढवता येईना. म्हाताऱ्याला किती ठाऊक आहे हे कळल्याशिवाय चढवणं म्हणजे बीळ न बघता हात घालणं. गुरुवारी तिनं दुकानात रजा टाकली आणि सकाळची रोह्याची गाडी धरली. कासू गेलं, नागोठणे गेलं. निडीला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं तिच्या मनात आलं. पाय उठले नाहीत.

प्रणितला रात्रपाळी होती, म्हणून तो घरी होता. सव्वीस वर्षांचा, डोळे तांबारलेले. कुंडलिका नदीच्या पलीकडं चाळीतली दोन खोल्यांची जागा. "ताई, पत्ता विचारलात आणि खरंच आलात? सांगायचं तरी, पोहे तरी केले असते. आजा, बघ कोण आलंय."

बाबाजी खाटेवर बसला होता. अंगानं निम्मा झालेला. समोर स्टुलावर लॅपटॉप, आणि थरथरत्या बोटांनी तो एकच कळ दाबत होता. पडद्यावर राखणदार काठ्यावरून चालला होता. बाबाजीनं मान वर केली नाही.

"बस गो," तो म्हणाला. "थांबता येत नाय आता. भरती लागलीय."

"सोडत नाय," प्रणित म्हणाला. "नोकरी लागल्यासारखा सकाळी बसतो. मी त्याला म्हणतो, तुला पगार कोण देतो?"

"तू देतोस. दोन भाकऱ्या."

नूतन दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली. पर्स मांडीवर, हात पर्सवर. पळायचं झालं तर दार चार पावलांवर होतं.

"ताई, एक खरं सांगा," प्रणित म्हणाला. "शेवट काय करूनही बदलत नाय, ही मोठी खोट हाय ना?"

"हाय."

"मला ठाऊक हाय. पण काय घालू? आजा म्हणतो, मी झोपलो म्हणून खांड गेली. पण ताई, झोपेनं काठा कसा फुटेल? झोपला म्हणजे बघितलं नाय, एवढंच. फुटायला काहीतरी पाहिजे. ते मला सापडत नाय. मग मी नुसतीच फोडली."

पडद्यावर तिसरी संध्याकाळ झाली. ती मुलगी आली. बाबाजीनं चौथं वाक्य शोधून त्यावर बोट ठेवलं. रक्त दिसलं. काटा लागला.

नूतनला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "काका, ही कोण?"

"काय माहीत. वरच्या आळीतली कुणाची तरी. संध्याकाळची वेळ, पोरं सगळी सारखीच दिसतात. रगत होतं बोटाला. मी म्हटलं, हळद लाव. बास."

त्याला ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षांत त्याला ते कधी सुचलंही नव्हतं. आता उठावं, पाणी प्यावं, परीक्षण चढवते म्हणावं आणि गाडी धरावी. ती उठलीसुद्धा.

पडद्यावर चौथा दिवस लागला. बाबाजीनं राखणदाराला खोपटात जाऊच दिलं नाही. सगळा काठा त्याला दोनदा फिरवला. मध्ये एकदा स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी पुसलं, पण कळ सोडली नाही. दुपार झाली, पाणी चढलं आणि खांड गेली.

बाबाजीनं हात मांडीवर ठेवले. थोडा वेळ तो काळ्या पडद्याकडं बघत बसला.

"डोळा लागला असेल माझा," तो म्हणाला. "कुठंतरी."

"आजा, तू झोपलाच नव्हतास. मी बघत होतो."

"नाय रे. लागला असेल. त्याशिवाय कशी जाईल."

नूतन परत खुर्चीवर बसली.

"काका, ती मी होते," ती म्हणाली. "दत्तात्रेयची नूतन. मी चिंबोरीचं बीळ उकरलं आणि भरलं नाय."

प्रणित हसणार होता, मग त्यानं तिचं तोंड बघितलं. तो उभा राहिला आणि दारात जाऊन थांबला. नूतनला वाटलं, आता हा दार लावणार. त्यानं लावलं नाही. नुसता चौकटीला हात लावून तिच्याकडं बघत राहिला, आणि ते जास्त वाईट होतं.

बाबाजीनं विचारलं, "कुठल्या बाजूनं?"

"खाडीच्या."

"वरून वाटेवरून दिसलं असतं?"

"नाय. खाली होतं, खोपटापासून तिसऱ्या वळणाला."

"खोल किती?"

"कोपरापर्यंत."

"भरलं कशानं?"

"गवतानं."

"गवतानं," बाबाजी म्हणाला. त्यानं ते दोनदा, तीनदा म्हटलं, तोंडात काही चावून बघावं तसं. शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. नूतनला वाटत होतं, त्यानं ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. तो ओरडला नाही.

"अकरा-बारा वर्षांची असशील तू," तो अखेर म्हणाला. "तेव्हा नाय बोललीस, ते मी समजतो. नंतर वीस वर्षं काय करत होतीस?"

फास हा शब्द तिनं कुणाला सांगितला नव्हता, तो आताही सांगता येईना.

"आणि हे मला कशाला सांगतेस? मी माझा हात जोळातनं काढला नव्हता. ज्यांनी काढला त्यांना सांग."

"घरी गेले की सांगते."

"घर लांब हाय. गाडीत बसलीस की विचार बदलेल." त्यानं हनुवटीनं तिच्या पर्सकडं दाखवलं. "फोन हाय ना?"

नूतननं प्रणितकडं बघितलं. त्याच्याकडून मदत येणार नव्हती. तिनं नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. एकेक रिंग तिच्या कानशिलात वाजत होती. उचलू नको बाबा, उचलू नको, असं ती मनात म्हणत होती. सहाव्या रिंगेला त्यानं उचलला.

"काय गो, आज दुपारचीच? दुकान नाय?" मागं वाऱ्याचा आवाज होता. तो काठ्यावर होता.

"बाबा, बसलायस का उभा हायस?"

"मी कशाला बसतोय. मंगळवारी पुनव, जोळाची पाहणी करतोय. काय झालं?"

तिनं सांगितलं. सगळं, एका दमात, बीळ, गवत, बोट. फक्त आईला सांगितलं होतं ते सांगितलं नाही. सांगून झालं आणि पलीकडून नुसता वारा येत राहिला. तो एवढा वेळ येत राहिला की नूतनच्या डोळ्यांपुढं काठा, खाडी, आणि काठ्यावर टाकून दिलेला फोन उभा राहिला.

"बाबा? बाबा, हायस ना?"

"कोण हाय तिथं तुझ्याजवळ?"

"बाबाजीकाका."

पुन्हा वारा. मग दत्तात्रेय म्हणाला, "ऐकतोय तो?"

"ऐकतोय," बाबाजी म्हणाला. "दत्ता, मंगळवारी किती वाजता?"

"सहाला. ओहोटीला." त्याचा आवाज चिरकला होता, म्हाताऱ्या बाईसारखा.

"मी येतो."

दत्तात्रेय हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. फोन बंद झाला. नूतननं लगेच परत लावला. कुणी उचलला नाही. आणखी एकदा लावला, आणखी एकदा.

प्रणित दारातून आत आला आणि त्यानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. स्वतःच्या हातानं दिला नाही. "शुक्रवारचं मी पुढं ढकलतो," तो म्हणाला. "खेळात आता बीळ घालावं लागेल. तुमचं परीक्षण नको मला. नाय, पाहिजे. पण नंतर."

तिनं मोबाईलमधली ती नऊ मिनिटं त्याच्यासमोर पुसली. त्यानं काय पुसलं म्हणून विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून दर पाच मिनिटांनी बापाला फोन लावत होती. निडी गेलं तरी उत्तर नव्हतं. नागोठण्याला आईचा फोन आला. नूतनला तो उचलवेना. उचलला.

"आय, बाबा कुठाय?"

"काठ्यावर. तिसऱ्या वळणाला बसलाय. मी जेवायला बोलवायला गेले, तर माझ्याकडं बघतो, बोलत नाय." सीताबाईचा आवाज खाली होता, शेजारणींना ऐकू जाऊ नये असा. "माझं नाव घेतलंस?"

"नाय."

"त्यानं ओळखलं तरी. शेजारच्या पोराला, शिवाला, बसवलाय मी त्याच्याजवळ, लक्ष ठेवायला." ती थांबली. "मंगळवारपर्यंत इकडं येऊ नको गो."

"मी आताच येतेय. पेणला उतरले की रिक्षा करते."

"लोक बघतील."

"बघू दे. मंगळवारी तर सगळेच बघणार हायत. मी जोळात उभी राहणार."

"बाईमाणसाला कोण गोळा देतं?"

"नाय दिला तर नुसती उभी राहीन. बाबाजीकाका राहिले होते तशी."

फोन सीताबाईनं ठेवला नाही, नूतननंही ठेवला नाही. गाडी हलली. दोघी कानाला फोन लावून बसल्या. शेजारचा माणूस नूतनकडं बघायला लागला. पलीकडून आईचा श्वास येत होता. तिकडं कुणीतरी धावत आल्यासारखं वाटलं की तो थांबायचा, आणि इकडं नूतनचाही.